जुन्या पर्सचा कुबट वास जात नाही, कृपया मार्गदर्शन करावे

प्रश्न : गोरेगावकर

नमस्कार. मी गोरेगावात राहते आणि चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात नोकरी करते. जुन्या, परंतु चांगल्या घडणीच्या पर्स विकत घेऊन वापरण्याची मला आवड आहे, कारण नव्या पर्सला आज जी किंमत मोजावी लागते तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात खऱ्या चामड्याची, नीट शिवलेली वस्तू जुन्या बाजारात मिळते. सध्या माझ्याकडे अशा तीन पर्स आहेत आणि तिघींच्या वासाने मी अक्षरशः हैराण झाले आहे.

पहिली तपकिरी रंगाची मोठी पर्स मी मे महिन्यात चोरबाजारात, शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या बाजारातून घेतली. तेव्हा ती कोरडी होती आणि वास फारसा जाणवला नव्हता. पण पाऊस सुरू झाल्यापासून चेन उघडताच बंद खोलीतल्या जुन्या गादीसारखा कुबट वास येतो आणि आतल्या कप्प्याच्या कडेला पांढुरके ठिपके दिसू लागले आहेत. दुसरी काळी पर्स वांद्र्यातील एका घराचे सामान विक्रीस निघाले होते तेथून आणली. तिला सिगारेटचा वास आहे. तिसरी माझ्या मावशीची, नक्षी उठवलेली शांतिनिकेतनी पर्स आहे. ती वीसेक वर्षे डांबरगोळ्यांसह लोखंडी कपाटात पडून होती. ती विकत घेतलेली नसली तरी माझ्या दृष्टीने तिघींत सर्वांत मोलाची आहे.

आतापर्यंत केलेले उपाय सांगते. तपकिरी पर्सवर मी खाण्याचा सोडा आतून-बाहेरून भुरभुरला आणि रात्रभर तसाच ठेवला. वास दोन दिवस कमी वाटला, पण चामड्यावर पांढरट डाग पडून ते कोरडे झाले. मग तिला दोन दिवस गच्चीवर उन्हात ठेवले, तर एका बाजूचा रंग विटला. शेवटी अत्तराचा बोळा आत ठेवला आणि अत्तर व कुबटपणा मिळून तिसराच, अधिक असह्य वास तयार झाला. मागच्या आठवड्यात तपासनिसाला पास दाखवण्यासाठी गाडीत पर्स उघडली, तेव्हा शेजारच्या बाईंनी चेहरा खिडकीकडे वळवला. मला फार वाईट वाटले.

माझ्या सात वर्षांच्या मुलाला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे घरात उग्र वासाचे फवारे किंवा डांबरगोळ्या मी वापरू शकत नाही. ज्यांना या कामाचा प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. कोणती पर्स वाचण्यासारखी नाही हेही स्पष्ट सांगितले तरी चालेल.


उत्तर : धारावीचा कारागीर

ताई, नमस्कार. मी धारावीत काळा किल्ल्याच्या बाजूला गेली २८ वर्षे चामड्याच्या बॅगा शिवण्याचे व दुरुस्त करण्याचे काम करतो. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांत वासाची तक्रार नेहमीच असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण केलेले सगळे उपाय पर्सच्या दिसणाऱ्या भागावर झाले, आणि कुबट वास बहुतेक वेळा न दिसणाऱ्या भागात असतो. पर्स उलगडून पाहिली तर बाहेर चामडे, त्याच्या आत सोल्युशनने चिकटवलेला फोम किंवा पुठ्ठा आणि त्याच्याही आत कापडाचे अस्तर असे थर असतात. तळाला आकार राहावा म्हणून पुठ्ठा घालतातच. पावसाचे पाणी शिवणीच्या भोकांतून आत उतरते, पिण्याच्या बाटलीचे पाणी अस्तरातून झिरपते, आणि दोन्ही जाऊन त्या पुठ्ठ्यात बसतात. चामडे वरून दोन दिवसांत वाळते. पुठ्ठा दोन थरांच्या मध्ये बंद असल्यामुळे आठवडेच्या आठवडे ओला राहतो.

मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाईकाने आणलेली पर्स मला आठवते. बाहेरचे चामडे इतके सुंदर होते की त्यावर बोट फिरवत राहावे, अस्तरही स्वच्छ होते, पण वास असा की दुकानात बसवेना. मी आरीने तळाची शिवण उसवली आणि रापी हळूच आत सरकवली, तर पुठ्ठा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात तुटून आला. चिकटवलेल्या बाजूला त्यावर काळ्या-हिरव्या बुरशीची लव उभी होती. तो पुठ्ठा टाकून दिला, आतली बाजू कोरड्या ब्रशने साफ केली, पर्स तशीच उघडी टांगून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडले तेव्हा निम्म्याहून अधिक वास गेलेला होता. त्या पर्सला मी एक थेंबही काही लावले नव्हते.

म्हणून प्रथम वास कोणत्या कप्प्यात राहतो ते शोधावे. कोऱ्या कागदाचे बोळे करून प्रत्येक कप्प्यात वेगवेगळे भरावेत, चेनी लावाव्यात आणि रात्रभर ठेवावे. वर्तमानपत्र नको, कारण दमट हवेत त्याची शाई फिकट अस्तराला लागते. सकाळी पर्सचा नव्हे, तर त्या बोळ्यांचा एकेक करून वास घ्यावा. ज्या बोळ्याला सर्वांत जास्त वास लागला असेल, दोष त्या कप्प्याच्या अस्तराखाली असतो. हे अगदी साधे आहे, पण मी स्वतः आजही असेच करतो.

त्यानंतर अस्तर खिशासारखे बाहेर ओढून पाहावे. पुष्कळ पर्समध्ये ते तळाला चिकटवलेले नसते आणि सहज बाहेर येते. त्याच्या कोपऱ्यांत साचलेली पावडर, बिस्किटांचा चुरा, धूळ हे सगळे ब्रशने झाडून काढावे, कारण बुरशीला हेच खाद्य मिळते. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून, फडका अगदी घट्ट पिळून अस्तर पुसावे आणि पुन्हा नुसत्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने पुसून घ्यावे. अस्तर बाहेर काढलेल्या स्थितीतच पर्स पंख्यासमोर ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतच ऐंशी टक्क्यांहून अधिक दमटपणा असतो, त्यामुळे नुसते उघडे ठेवून काही वाळत नाही. घरात एसी असेल तर त्या खोलीत पंख्याखाली ठेवावे, फरक एका रात्रीत कळतो.

आपल्या पांढऱ्या ठिपक्यांबद्दल एक गोष्ट नीट तपासावी लागेल. चामडे कमावताना त्यात तेल-चरबी मुरवलेली असते आणि ती कधीकधी पांढऱ्या पुटासारखी वर येते. लोक तिलाच बुरशी समजतात. हेअर ड्रायरची कोमट हवा हातभर अंतरावरून त्यावर सोडावी. पूट विरघळून चामड्यात जिरले तर ती चरबी आहे आणि काळजीचे कारण नाही. ठिपके जसेच्या तसे राहिले आणि कापडाला लागून असतील, तर बुरशी समजावी. बुरशी झाडण्याचे काम घरात करू नये. मुलाला दमा आहे म्हणून विशेष सांगतो : पर्स गच्चीवर न्यावी, तोंडावर मास्क बांधावा, मऊ ब्रशने कोरडीच झाडावी आणि तो ब्रश घरात परत आणू नये. नंतर पांढरे व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन पिळलेल्या फडक्याने पुसता येते, पण आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला बोटभर जागेवर करून पाहावे, कारण काही रंग लगेच सुटतात.

पुठ्ठा खराब निघाला तर तो बदलावाच लागतो. कारागिराला सांगून त्याजागी प्लॅस्टिकची पातळ शीट घालून घ्यावी, म्हणजे पुन्हा ओल धरणार नाही. अस्तर बदलायचे असेल तर मांजरपाट उत्तम, मात्र ते आधी धुऊन त्यातली खळ काढून टाकावी. खळ म्हणजे पिठच. ओलाव्यात तिच्यावर बुरशी हमखास येते.

शेवटची एक विनंती. चामडे कधीही गॅसजवळ, इस्त्रीखाली किंवा दुपारच्या उन्हात वाळवू नये. ओले चामडे तापले की आक्रसते आणि कडक होते, आणि मग ते आमच्याही हातून पूर्वीसारखे होत नाही. तसेच चामड्याचा स्वतःचा जो वास असतो, म्हणजे बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कोल्हापुरी चपलेला येतो तसा, तो दोष नाही. तो घालवण्याच्या मागे लागू नये.


उत्तर : मुलुंडची निवृत्त शिक्षिका

वरील उत्तर अत्यंत उपयुक्त आहे आणि त्यातील शब्दाशी शब्द मी सहमत आहे. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकवले, त्यामुळे उरलेल्या दोन पर्सविषयी आणि सोड्याविषयी लिहिते.

खाण्याचा सोडा सर्व वासांवर चालतो अशी समजूत घराघरांत आहे. तो सौम्य अल्क आहे; त्याच्या द्रावणाचा सामू सुमारे ८.३ असतो. त्यामुळे घामाचा आंबूस वास, सांडलेल्या दुधाचा वास अशा आम्लधर्मी वासांवर तो चांगला काम करतो. उलट कमावलेले चामडे स्वतः आम्लधर्मी असते, त्याचा सामू साधारण ३.५ ते ५ यांच्या दरम्यान असतो. अशा चामड्यावर दमट हवेत सोडा रात्रभर पडून राहिला की तो ओल धरतो, चामड्यात उतरतो आणि त्याला कोरडे व ठिसूळ करतो. आपल्या पर्सवर पडलेले डाग यामुळेच असावेत. ते कोरड्या ब्रशने झाडून, नंतर पाण्यात किंचित व्हिनेगर घालून पिळलेल्या फडक्याने पुसावेत आणि पूर्ण वाळल्यावर रंगहीन लेदर क्रीम अगदी थोडे लावावे. सोडा वापरायचाच असेल तर सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून पर्सच्या आत ठेवावा, म्हणजे तो चामड्याला स्पर्श करणार नाही. आणि सोडा व व्हिनेगर एकत्र कालवून लावण्याचा सल्ला जिथे मिळेल तिथे तो मानू नये. दोघे एकमेकांना उदासीन करतात, फेस येतो आणि हाती जवळजवळ नुसते खारट पाणी उरते.

सिगारेटचा वास हा वेगळा प्रकार आहे. धुरातील निकोटीन आणि डांबरासारखे चिकट द्रव्य पृष्ठभागावर पातळ थराने बसते, म्हणजे वास हवेत नसून त्या थरात असतो आणि नुसती हवा देऊन तो जाणार नाही. निकोटीन अल्कधर्मी असल्यामुळे तिथे सोडा निरुपयोगी आणि व्हिनेगरचे पाणी उपयोगी. पांढऱ्या फडक्याने पुसावे. फडका पिवळसर होत असेल तोवर थर निघतो आहे असे समजावे आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्यावी. मात्र त्याआधी काळ्या पर्सवर बोट दाबून पाहावे. बोट चिकटत असेल किंवा काळे पापुद्रे निघत असतील, तर ते चामडे नसून कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा थर आहे आणि दमट हवेतील पाण्याने तो विघटित होऊ लागला आहे. ही क्रिया उलटवता येत नाही. अशा पर्सवर श्रम घालू नयेत.

आता डांबरगोळ्या. नॅफ्थलीन हा पदार्थ न वितळता घनरूपातून थेट वायुरूपात जातो, आणि कपाट बंद असले की ती वाफ कापडात व चामड्यात शिरून बसते. ती जशी शिरली तशीच बाहेर पडते, परंतु तिला मोकळी हवा आणि वेळ लागतो. वीस वर्षांचा वास आठवड्यात जाणार नाही. मावशींच्या पर्सला कृपया पाणी, व्हिनेगर, काहीही लावू नये. त्या पर्सचे चामडे वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले असते आणि वरचे रंग ओलाव्याने फुटतात. ती पूर्ण उघडून, फळीवर न ठेवता टांगून, रोज काही तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवावी. हे मुलाच्या खोलीत करू नये. नॅफ्थलीनची वाफ दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकते, आणि जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या लहान मुलांमध्ये तिच्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. म्हणूनच तान्ह्या बाळाची दुपटी डांबरगोळ्यांत ठेवू नयेत असे मी प्रत्येकाला सांगत असते.

या टप्प्यावर सक्रिय कोळसा फार उपयोगी पडतो. शेगडीचा किंवा तंदूरचा साधा कोळसा नव्हे. सक्रिय कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे उघडलेली असतात आणि त्याच्या एका ग्रॅमचा अंतर्गत पृष्ठभाग ५०० चौरस मीटरहून अधिक भरतो, म्हणजे जवळजवळ चार कबड्डीची मैदाने. नॅफ्थलीन आणि बुरशीचे वास यांचे रेणू त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात. मत्स्यटाकीच्या सामानाच्या दुकानात तो सुटा मिळतो. काळी भुकटी सांडू नये म्हणून जुन्या मोज्यात भरून गाठ मारावी आणि पर्समध्ये ठेवावा. हा कोळसा वास झाकत नाही, स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे आपल्या मुलाच्या दृष्टीनेही तो निर्धोक आहे.

कपाटात टांगण्याच्या ओलशोषक पिशव्यांबाबत मात्र सावध राहावे. त्यांत कॅल्शियम क्लोराइड असते आणि ओल शोषून खाली पाणी साचते; ती पिशवी फुटून ते द्रावण चामड्यावर पडले तर चामडे आकसते व त्यावर कायमचा डाग राहतो. पर्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे अधिक सुरक्षित आहे.


उत्तर : वसईची गृहिणी

माझ्या सासूबाई कपड्यांच्या पेटीत वेखंडाचे तुकडे आणि सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवत असत. मी पर्समध्येही तेच ठेवते, शिवाय वाळ्याची एक जुडी ठेवते. त्याचा वास मंद असतो आणि डोके चढत नाही. रसायनांपेक्षा हे बरे नाही का?

दुसरे असे की आमच्याकडे पावसाळ्याआधी सुक्या बोंबलांची बेगमी होते आणि एकदा बाजारातून येताना ती पुडी मी चुकून कापडी अस्तराच्या पर्समध्येच ठेवली. तो वास साबणाने गेला नाही. मासे कापल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो, ते आठवून मी लिंबाचे पाणी करून अस्तर पुसले आणि दोन वेळा पुसल्यावर वास गेला. उन्हाबद्दलही मला थोडे वेगळे सांगायचे आहे. चामड्याचे ठीक आहे, पण कापडी पर्सला सकाळचे आठ-नऊपर्यंतचे कोवळे ऊन मी नेहमी देते आणि ऑक्टोबरच्या उन्हात तर सर्व पिशव्या, पर्स बाहेर काढते. त्याने आजवर काही बिघडलेले नाही.


उत्तर : मुलुंडची निवृत्त शिक्षिका

ताई, लिंबाचा उपाय अगदी बरोबर आहे. माशाचा वास अमाइन वर्गातील अल्कधर्मी द्रव्यांचा असतो आणि लिंबातील आम्ल त्यांना बांधून टाकते. कापडी पर्सला कोवळे ऊन देण्यासही माझी हरकत नाही.

वेखंड व कडुलिंब यांच्याविषयी मात्र एक नम्र खुलासा करते. ते कसर आणि किडे दूर ठेवण्यासाठी आहेत आणि त्या कामासाठी उत्तमच आहेत. आधीच बसलेला कुबट वास ते काढत नाहीत, कारण बुरशीला त्यांनी फारसा फरक पडत नाही. पर्स प्रथम पूर्ण कोरडी व स्वच्छ करावी आणि मगच सासूबाईंची ही पद्धत वापरावी. अन्यथा वाळ्याच्या सुवासाखाली बुरशी वाढत राहते आणि आपल्याला उशिरा कळते. दम्याचे मूल असलेल्या घरात हा उशीर परवडत नाही.


उत्तर : शुक्रवारचा फिरस्ता

मी अनेक वर्षे चोरबाजारात जुने कॅमेरे आणि चामड्याच्या पेट्या घेत आलो आहे. वास घालवण्यापेक्षा वासाची वस्तू न घेणे सोपे, म्हणून खरेदीच्या वेळचे थोडेसे लिहितो.

विक्रेत्याने पर्स उघडून दाखवली की आपण वास घेतो, पण तोपर्यंत तिला बराच वेळ हवा लागलेली असते. पर्स बंद करावी, चेन लावून पाच मिनिटे हातात धरावी, तोवर भावाची बोलणी करावीत आणि मग एकदम उघडून नाक आत घालून वास घ्यावा. त्याच वेळी तळाचा पुठ्ठा दोन्ही अंगठ्यांनी दाबावा. तो कडक लागायला हवा, मऊ किंवा लाटेसारखा लागला तर तो पूर्वी भिजलेला आहे. पर्सला अत्तराचा किंवा पॉलिशचा ताजा, दाट वास येत असेल तर मी ती खाली ठेवतो. मे महिन्यात घेतलेल्या वस्तूचा भरवसा धरू नये, कारण बुरशी कोरड्या हवेत निपचित असते आणि जूनमध्ये जागी होते. हे आपल्या बाबतीत नेमके घडले आहे. मी स्वतः आता चामड्याची वस्तू शक्यतो भर पावसाळ्यातच पारखून घेतो.


प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर : गोरेगावकर

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

तपकिरी पर्सच्या चार कप्प्यांत कागदाचे बोळे ठेवले. तीन बोळ्यांना जेमतेम वास होता आणि मधल्या चेनच्या कप्प्यातील बोळा हातात धरवत नव्हता. त्या कप्प्याचे अस्तर ओढले तर कोपऱ्यात दोन बोटे जातील एवढी ते उसवलेले होते आणि आतून काहीतरी जाड हाताला लागत होते. पुढचे मी स्वतः केले नाही. घराजवळच्या एका कारागिराकडे नेऊन माझ्यासमोर शिवण उसवून घेतली. आधी लोकलच्या जुन्या कूपनांची अर्धी पुस्तिका निघाली, भिजून वाळून एकच गठ्ठा झालेली. कूपनांवरील छपाई अजून वाचता येत होती. ती कूपने बंद होऊनही वर्षे लोटली, म्हणजे तितकी वर्षे ती तिथेच होती. तिच्याखालचा पुठ्ठा तीन तुकड्यांत निघाला आणि त्याची खालची बाजू पूर्ण काळी होती. कोणा बाईने रोज तिकिटासाठी हात घालून ती पुस्तिका त्या कप्प्यात शोधली असेल आणि मग हरवली म्हणून सोडून दिली असेल, असा विचार माझ्या मनात बराच वेळ राहिला.

पुठ्ठ्याऐवजी प्लॅस्टिकची शीट आणि धुतलेल्या मांजरपाटाचे नवे अस्तर घालून घेतले. पांढरे ठिपके ड्रायरने विरघळले नाहीत, त्यामुळे माझ्या भावाने मास्क बांधून गच्चीवर ब्रशने ते झाडले. सोड्याचे डाग बरेच पुसट झाले आहेत. उन्हाने विटलेली बाजू तशीच राहिली, ती मी स्वीकारली आहे. गेले तीन आठवडे ती पर्स रोज घेऊन जाते आणि आता गाडीत ती उघडताना संकोच वाटत नाही.

काळ्या पर्सवर बोट दाबले तेव्हा बोटाचा ठसा उमटला आणि दोन पापुद्रे बोटाला चिकटून आले. शिक्षिकाबाईंनी स्पष्ट लिहिले होते म्हणून मी तिच्या मागे लागले नाही. तिचे पितळी बक्कल आणि चेन काढून ठेवली आणि बाकीची टाकून दिली. मावशीची पर्स बैठकीच्या खोलीत पंख्याखाली टांगली आहे, आत सक्रिय कोळशाचा मोजा आहे. पाच आठवड्यांनी आता नाक आत घातल्याशिवाय डांबरगोळीचा वास येत नाही. मावशीला फोनवर सांगितले तेव्हा ती म्हणाली की ती पर्स तिने पहिल्या पगारातून घेतली होती. हे मला आजवर ठाऊक नव्हते.

एक शंका उरली आहे. तपकिरी पर्स पावसात भिजून आली की तिच्या खांद्याच्या पट्ट्याला, विशेषतः जिथे तो गोल शिवलेला आहे तिथे, अजूनही थोडा कुबट वास येतो. पट्टा बाहेरून दोनदा पुसून झाला आहे. याचे काय करावे?


उत्तर : धारावीचा कारागीर

ताई, वाचून समाधान वाटले. पट्टा गोल शिवलेला असेल तर त्याच्या आत भरणी असते. जुन्या कामात सुती दोर किंवा सुतळी घालत असत आणि ती पुठ्ठ्याइतकीच पाणी पिते. बाहेरून कितीही पुसले तरी तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही.

पट्टा पर्सला जिथे कडीत अडकवलेला आहे त्या टोकाचे चार-पाच टाकेच उसवावेत, सबंध पट्टा उसवू नये. आतल्या दोराच्या टोकाला नायलॉनचा तितक्याच जाडीचा दोर घट्ट बांधावा आणि दुसऱ्या टोकाने जुना दोर हळूहळू ओढावा, म्हणजे जुना बाहेर येताना नवा आपोआप आत जातो. जुना दोर कुजलेला असेल तर मध्येच तुटेल. तसे झाले तर घाई न करता पट्टा कारागिराकडे द्यावा. नवा दोर घालण्यापूर्वी पट्टा दोन दिवस पंख्याखाली टांगावा आणि टाके पुन्हा घालताना मेणदोराच वापरायला सांगावे, कारण साध्या दोऱ्यावरून पाणी भोकातून आत उतरते.

तोवर पावसातून घरी आल्यावर पर्स रिकामी करावी, कोरड्या फडक्याने पट्टा दाबून टिपून घ्यावा आणि पर्स पट्ट्याने न टांगता खालून आधार देऊन ठेवावी. ओला पट्टा वजनाने ताणला की त्याच्या शिवणीची भोके मोठी होतात.